गाडीला ताडपत्री नको, पन्हळ द्या

ऑटो लॅबच्या शेडसमोर निळ्या ताडपत्रीखाली काय झाकून ठेवलंय, असं फर्स्ट इयरची मुलं सध्या विचारतात. कुणी म्हणतं बोअरवेलची मोटर, कुणी म्हणतं जुना जनरेटर. मेसमध्ये तर एकाने छातीठोक सांगितलं की खाली काहीच नाही, नुसती ताडपत्री आहे! मित्रांनो, खाली एक गाडी आहे. १९६६ ची फोक्सवॅगन बीटल, १३०० सीसी, एअर-कूल्ड. आणि ती भंगार नाही, चालू स्थितीत आहे. किल्ली फिरवली की पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होते.

तरीही ती झाकून ठेवली आहे, कारण गेल्या ऑगस्टमध्ये तिच्या इंजिनात पावसाचं पाणी गेलं आणि एक कनेक्टिंग रॉड वाकला. त्यानंतर विभागात असं ठरू लागलंय की ही भानगडच नको. इंजिनातलं तेल-पेट्रोल काढून टाकायचं आणि गाडी पोर्चमध्ये चौथऱ्यावर कायमची ठेवायची. पाहुणे आले की फोटोला बरी. हा लेख त्या विचाराच्या विरुद्ध आहे. लिहिणाऱ्याला तो अधिकार किती, हे तुम्हीच ठरवा, कारण रॉड वाकवणाऱ्या आठ जणांपैकी मी एक आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. बीटलचं इंजिन मागे असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. चार सिलिंडर आडवे, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. त्यांच्यावर उभं असलेलं पत्र्याचं मोठं खोकं म्हणजे फॅन हाउसिंग. आतला फॅन डायनॅमोच्याच शाफ्टवर बसतो आणि पट्ट्याने फिरतो. तो मागच्या काचेखालच्या फटींतून बाहेरची हवा ओढतो आणि सिलिंडरच्या पंख्यांवरून खाली सोडतो. फॅनच्या खोक्यामागे, म्हणजे मागचं झाकण उघडल्यावर अगदी तुमच्या समोर, मधोमध सोलेक्सचा एकच कार्बोरेटर असतो. त्याच्यावर काळा, जड, तेल भरलेला एअर क्लीनर. १९६६ च्या साध्या बीटलला मागच्या झाकणात फटी नसतात. सगळी हवा काचेखालून येते. फटी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये फॅनचं खोकं उभं असतं. म्हणजे पाऊस आत आला तरी तो कार्बोरेटरच्या डोक्यावर सरळ पडत नाही. ही गोष्ट आम्हाला तेव्हा सुचली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

आम्ही काय केलं ते सांगतो. गेल्या मार्चमधल्या टेक फेस्टसाठी गाडी 'रेस लूक'मध्ये मांडायची ठरली. शीट मेटल शॉपमध्ये मागच्या झाकणाला दहा आडव्या फटी पाडल्या. काम सुंदर झालं होतं, त्याबद्दल आजही मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. मग एअर क्लीनर काढला, कारण तो 'कुकरसारखा दिसतो' असं आमच्यातल्या एकाचं मत पडलं. त्याच्या जागी लेथवर काढलेलं ॲल्युमिनियमचं कर्ण्यासारखं तोंड बसवलं, वर तारेची जाळी. तोंडाचा व्यास ६० मिलिमीटर. चकाचक पॉलिश. फेस्टमध्ये दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांच्या तक्त्यात फिनिश, इनोव्हेशन, प्रेझेंटेशन असे रकाने होते. पावसाचा रकाना नव्हता.

फक्त वर्कशॉपचे काका फेस्टच्या आधी येऊन झाकणाभोवती एक चक्कर मारून गेले. म्हणाले, "पोरांनो, भोकं झ्याक पाडलीत. पण वरनं पाणी आलं तर ते जाणार कुठं?"

आमच्यातला एक म्हणाला, "काका, पावसात कोण काढतंय गाडी!"

काकांनी मान हलवली आणि चहाला गेले. त्यांनी भांडायला हवं होतं असं मला आता वाटतं. पण वर्कशॉपमधल्या माणसाने इंजिनिअरिंगच्या पोरांशी किती वेळा भांडायचं?

१३ ऑगस्टला संध्याकाळी गाडी कॅम्पसमधून फिरवली. १५ तारखेला झेंडावंदनानंतर तिची फेरी काढायची होती, त्याची तालीम. परत आलो तर शेडमध्ये प्रॅक्टिकलची टेबलं मांडलेली. म्हणून गाडी बाहेरच उतारावर लावली, डावी बाजू किंचित खाली. रात्रभर पाऊस. सिव्हिलच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकात सकाळी ८२ मिमी होता. सकाळी किल्ली फिरवली. 'टक्' आवाज झाला आणि काही नाही. पुन्हा 'टक्'. सगळ्यांचं निदान एकच: बॅटरी उतरली. मग आपल्याकडे जे करतात तेच. सेकंड गिअर, क्लच दाबलेला, आठ जण मागे, "हैय्या!" उतारावर गाडीने वेग घेतला, क्लच सोडला. लोखंडी घणाचा बसावा तसा एक आवाज झाला आणि मागची चाकं घासत गाडी थांबली.

इंजिन खाली उतरवायला बीटलमध्ये चारच मुख्य नट-बोल्ट लागतात, ते तासाभरात उतरलं. पण रॉड बदलायचा तर क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे करावे लागतात, म्हणजे सगळंच खोलावं लागतं. चार नंबरचा रॉड केळ्यासारखा वाकला होता. तेल दुधाळ, कॅन्टीनच्या चहाच्या रंगाचं. मुंबईतल्या एका मेकॅनिककडे खोललेलं जुनं इंजिन होतं, त्यातला रॉड आणि पिस्टन मिळाला. पैसे आम्ही आठ जणांनी भरले. किती ते घरच्यांच्या हाती हा अंक पडला तर कळायला नको म्हणून लिहीत नाही.

आता हिशेब करू. हा हिशेब सेकंड इयरचा मुलगाही करू शकतो, आणि आम्ही फायनल इयरला होतो. बोअर ७७ मिमी, स्ट्रोक ६९ मिमी. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम ३२१ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ७.३. म्हणजे पिस्टन वर टोकाला असताना उरलेली जागा ३२१ भागिले ६.३, बरोबर ५१ सीसी. टपरीवरचं कटिंग यापेक्षा मोठं असतं! एवढं पाणी आत असलं की पिस्टनला वर जायला जागा नाही, आणि पाणी काही दाबलं जात नाही. स्टार्टरला ते ढकलणं झेपलं नाही, म्हणून तो 'टक्' करून थांबला. खरं तर तो आम्हाला सांगत होता. आम्ही मात्र स्टार्टरच्या जागी साडेआठशे किलोची गाडी लावली. ताशी १० किलोमीटरला तिची गतिज ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या वर जाते. त्यातली थोडी जरी एका रॉडवर आली तरी काय होणार?

करायला काय हवं होतं? चारही स्पार्क प्लग काढायचे, डायनॅमोच्या पुलीच्या नटला २१ चा पाना लावायचा आणि इंजिन हाताने फिरवायचं. प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली असती, आम्ही हसलो असतो, तेल बदललं असतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मुंबईत पाण्यात बंद पडलेल्या गाड्या पुन्हा सुरू करायला जाऊन कित्येकांनी इंजिनं अशीच घालवली. तिथे पाणी खालून आलं होतं, आमच्याकडे वरून. रॉडला त्याने फरक पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वर झाकण तर होतं, फटी किती त्या! आम्हीही तेच म्हणालो. ६० मिमी व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर. उघड्या आकाशाखाली ८२ मिमी पावसात त्यात २३० सीसी पाणी पडलं असतं. झाकणाने यातला मोठा भाग अडवला असेल, असा आमचा समज. पण कौलारू घरात राहिलेल्या माणसाला विचारा, छपराच्या कडेला काय होतं ते. छपरावर पडलेलं सगळं पाणी कडेला येतं आणि पागोळ्या होऊन एका रेषेत गळतं. बीटलचं झाकण उतरतं आहे. प्रत्येक फट म्हणजे वरच्या पत्र्याची एक कड. फटीवर पडलेलंच नव्हे, तर तिच्या वरच्या पट्टीवर पडलेलं पाणीही त्या कडेला जमून आत टपकतं. आम्ही छप्पर नव्हतं बनवलं, दहा पागोळ्या बनवल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन-तीन बरोबर कर्ण्याच्या तोंडावर. तारेची जाळी पाण्याला काय अडवणार?

यात आणखी एक बारीक गोष्ट. या सोलेक्सला ऑटोमॅटिक चोक आहे. थंड इंजिनात चोकची झडप तोंड जवळजवळ बंद करते, पण त्यासाठी ॲक्सिलरेटर एकदा दाबावा लागतो. गरम इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली की झडप उघडीच राहते. आम्ही तालमीनंतर गरम गाडी सोडून गेलो होतो. म्हणजे दार उघडं ठेवूनच! थ्रॉटलच्या कडेने पाणी झिरपलं, मॅनिफोल्डमध्ये उतरलं, गाडी डावीकडे कलती म्हणून डाव्या नळीत गेलं, आणि त्या बाजूचा ज्या सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा होता त्यात जाऊन बसलं.

आणि तो 'कुकर'? त्याच्याकडे मी नंतर नीट पाहिलं. हवा त्यात बाजूच्या नळीतून शिरते, आत तेलावरून वळते, जाळीतून वर जाते आणि मग खाली कार्बोरेटरमध्ये उतरते. हवा हलकी म्हणून वळते. धूळ आणि पाण्याचे थेंब जड, त्यांना ते वळण घेता येत नाही. त्यातच थंडीत गरम हवा घ्यायची नळी आणि झडप आहे, कारण दमट थंड हवेत पेट्रोलच्या बाष्पीभवनाने व्हेंचुरीपाशी चक्क बर्फ धरतो. जर्मनीतल्या गाडीला हे लागणारच. क्रँककेसच्या ब्रीदरची नळीही त्यालाच जोडलेली. आम्ही एक डबा काढला आणि चार कामं काढून टाकली, आणि अहवालात लिहिलं 'वेट रिडक्शन'. काढायच्या आधी प्रत्येक नळी कुठून येते आणि कुठे जाते एवढं कागदावर काढलं असतं तरी पुरे होतं. व्हायवात एक्स्टर्नल हाच प्रश्न विचारतात आणि आपण तो नावडता म्हणून सोडून देतो.

एक गोष्ट मात्र लोक उलटी समजतात. पावसात गाडी चालवायची भीती वाटते आणि पावसात उभी ठेवायची वाटत नाही. खरं तर धोका उभ्या गाडीला. इंजिन वेगात असताना तो फॅन सेकंदाला साधारण पाचशे लिटर हवा ओढतो. १२८५ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ४००० आरपीएमला स्वतःसाठी सेकंदाला चाळीस लिटरच्या आसपास घेतं, तेही जास्तीत जास्त. म्हणजे आत आलेल्या थेंबांपैकी बहुतेक फॅनच्या मागे लागतात आणि गरम पंख्यांवर वाफ होऊन जातात. कार्बोरेटरमध्ये थोडा फवारा गेलाच तर इंजिन किंचित अडखळतं, पुढे जातं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत टेकऑफला मुद्दाम पाणी फवारत असत. फवाऱ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते साचलेल्या पाण्याने, आणि साचायला गाडी उभी असावी लागते.

हा प्रश्न आम्हालाच पडला असंही नाही. कारमान कंपनी १९४९ पासून उघड्या छपराच्या बीटल बांधत होती. तिथे छप्पर गुंडाळून मागे ठेवलं की काचेखालच्या फटींना जागा राहत नाही, म्हणून फटी झाकणात आणाव्या लागल्या. मग त्यांनी झाकणाच्या आतून एक पत्र्याचा ट्रे लावला. फटींतून आलेलं पाणी ट्रेमध्ये पडतं आणि बाजूला वाहून जातं, हवा ट्रेच्या कडेने आत जाते. पोर्शे ९११ मध्ये तर मागच्या झाकणात सरळ जाळीच आहे, आणि खाली इंजिन. पण १९६० च्या दशकातल्या मूळ गाडीत कार्बोरेटरवर फिल्टरचा बंद डबा होता. हौशी लोक तो काढून उघडे कर्णे लावतात, आणि मग गाडी उभी करताना कर्ण्यांवर घालायच्या टोप्या विकत घेतात. आधी छत्री फेकायची आणि मग टोपी विकत घ्यायची, असा हा प्रकार. पण निदान टोपी तरी घेतात!

अपघातानंतर जे उपाय सुचवले गेले ते एकेक बघण्यासारखे होते. पहिला: फटींना आतून टेप लावा. या एका झाकणापुरतं ते चाललंही असतं, कारण या गाडीला झाकणातल्या फटींची गरजच नव्हती. पण एकाने काचेखालच्या फटीही बंद करू म्हटलं तेव्हा काका पहिल्यांदा ओरडले. एअर-कूल्ड इंजिनाची हवा बंद करणं म्हणजे पाण्याच्या इंजिनाचा रेडिएटर काढून घेणं. पाण्याने एक रॉड गेला, उष्णतेने चारही पिस्टन गेले असते. दुसरा उपाय: कर्ण्यावर स्पंज. स्पंज पाणी अडवत नाही, साठवतो, आणि भरला की सगळं एकदम सोडतो. तिसरा: ताडपत्री. तो अमलात आलेला आहे, तुमच्यासमोर आहे.

ताडपत्रीबद्दल मला खास बोलायचंय. पावसाळ्यात जमिनीतून ओल वर येते, दुपारी ताडपत्रीखाली उकडतं, रात्री तीच वाफ थंड पत्र्यावर आणि कार्बोरेटरवर दव होऊन बसते. ताडपत्री आतून हात लावून बघा, ओली असते. वरून पाऊस न पडताही आत दररोज थोडा थोडा पाऊस पडतो. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, तिच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. आतल्या लोखंडी पिना गंजतात. रोज चालणाऱ्या गाडीत हे होत नाही, कारण गरम झाली की सगळं सुकतं.

मग खरा उपाय काय? काकांनी केला तोच. जस्ताच्या पत्र्याचा ट्रे, झाकणाच्या आत चार कोपऱ्यांना चार बोल्टवर. झाकण आणि ट्रे यात सगळीकडून ४० मिमीची फट, म्हणजे हवेला वाट आहे. ट्रेच्या मागच्या कडेला अर्धा इंच उभी कड, तळाला एका कोपऱ्यात उतार. त्या कोपऱ्यात एक तोटी, तिला रबराची नळी, आणि ती नळी इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यातून सरळ खाली जमिनीकडे. काकांच्या गावाकडच्या घराला पत्र्याची पन्हळ आहे, म्हणाले तिचीच ही धाकटी बहीण. दोन दुपारी लागल्या. पाणी अडवायचं नाही, त्याला आधीच वाट करून द्यायची, हा त्यांचा मुद्दा ते पहिल्या दिवसापासून सांगत होते, फक्त प्रश्नाच्या रूपात. वर 'कुकर' परत बसवला. कर्णा आता माझ्या टेबलावर पेनं ठेवायला आहे.

आम्ही त्याची चाचणीही घेतली. एअर क्लीनरवर वर्तमानपत्र पसरलं, झाकण लावलं, बागेतला पाइप आणून अर्धा तास झाकणावर पाणी सोडलं. खाली नळीतून धार लागली, बादली भरली. वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्याला चार थेंब लागले होते, बाकी कोरडं. काकांनी ते वर्तमानपत्र तिथेच बसून वाचलं.

एवढं केल्यावरही थोडं पाणी पेट्रोलमधून येतंच, तेव्हा त्याचंही सांगतो, कारण तुमच्या घरच्या जुन्या स्कूटरला हेच लागू आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते फ्लोट चेंबरच्या तळाशी बसतं, आणि मेन जेटचं तोंडही तळाशीच. जेटच्या भोकात पाण्याचा एक थेंब अडकला की पृष्ठताणाने तो तिथेच धरून बसतो आणि गाडी 'पेट्रोल आहे तरी चालत नाही' असं करते. पूर्वी हे ओळखणं सोपं होतं: चेंबरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं, तळाशी पाण्याचे गोळे दिसायचे. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०२३ पासून ई-२० यायला लागलं आणि २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे झालं. इथेनॉल पाणी पोटात घेतं, त्यामुळे थोड्या पाण्याचा पत्ताच लागत नाही, बाटली स्वच्छ दिसते. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोघं हात धरून खाली बसतात, आणि वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल. तळाचा तो थर मेन जेटमधून गेला की इंजिन साफ बंद. महिनोन् महिने उभ्या गाडीत, दमट हवेत, अर्ध्या टाकीत हे व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे गाडी चौथऱ्यावर ठेवायचीच असेल तर टाकी आणि चेंबर पूर्ण रिकामे करावे लागतील, आणि एकदा रिकामे केले की पुन्हा कोण भरणार? जुने रबरी पाइप, सुकलेली गॅस्केटं... दोन वर्षांत ती गाडी खरोखरच ताडपत्रीखालचं 'काहीच नाही' होईल. मेसमधला तो मुलगा बरोबर ठरेल.

विभागाची बाजू मला कळते. पोरं बेजबाबदार आहेत (आहोत), सुटे भाग मिळत नाहीत, उद्या कुणाला लागलं तर उत्तर कोण देणार. हे सगळं खरं. कार्बोरेटर आता शिकायचाच कशाला, असंही एका सरांनी विचारलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आल्यापासून नव्या मोटरसायकलींतही बहुतेक इंजेक्शन आलं, मुलांना नोकरीत कार्बोरेटर दिसणार नाही. सर, मान्य. पण आम्ही जे चुकलो ते कार्बोरेटरमुळे नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या कंट्रोलरच्या डब्यातही पाणी शिरणार आहे, तिथेही कुणीतरी दिसायला बरं म्हणून एक कव्हर काढणार आहे, आणि तिथेही कुणीतरी विचारायला हवं की पाणी कुठं जाणार. फरक इतकाच की बीटलमध्ये झाकण उघडलं की पाण्याची वाट डोळ्यांनी दिसते. बंद काळ्या डब्यात ती दिसत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ताडपत्री काढा, गाडी शेडच्या पत्र्याखाली, बाजूने वारा लागेल अशी उभी करा. दर शनिवारी वीस मिनिटं चालवा, इंजिन नीट गरम होऊ द्या. किल्ली काकांकडे राहू दे, आम्हा मुलांकडे नको, आम्हाला ते चालेल. फेस्टच्या तक्त्यात फिनिशच्या शेजारी एक रकाना वाढवा: झाकणावर दहा मिनिटं पाणी, मग इंजिन सुरू. सुरू झालं नाही तर बक्षीस नाही. आमचं दुसरं बक्षीसही त्या हिशेबाने परत घ्यायला हरकत नाही, तशीही त्या ढालीवर स्पेलिंग चुकलंय.

वाकलेला रॉड वर्कशॉपमध्ये काकांच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला आहे. बघायला जा, पण विचारून. आणि ट्रेच्या नळीला मधे एक चीर गेली आहे. दिवाळीत कुणी पुण्या-मुंबईला जाणार असेल तर आतून बारा मिमी व्यासाची, पेट्रोलला टिकणारी रबरी नळी एक मीटर घेऊन या. पैसे आमच्याकडून.